तत्काळ आणि वेळेवर
पाहणाऱ्या यंत्रांच्या समांतर रचनेविषयी काही आक्षेप

'रिअल टाइम' या शब्दाला मराठीत अजून पक्के घर मिळालेले नाही. वर्तमानपत्रांत त्याचे 'तत्काळ' होते, पाठ्यपुस्तकांत 'वास्तव काळ' होते आणि कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या जाहिरातीत तो जसाच्या तसा येतो. तिथे त्याचा अर्थ 'चटकन' एवढाच असतो. हा घोळ केवळ मराठीचा असता तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण तो इंग्रजीतही आहे. पाहणारी यंत्रे कशी बांधावीत आणि बांधलेल्या यंत्राला चांगले केव्हा म्हणावे, या प्रश्नांशी तो जोडलेला आहे. म्हणून या लेखात मी सुरुवात शब्दापासून करतो.

संगणकशास्त्रात या शब्दाची व्याख्या कडक आहे. उत्तर बरोबर असणे पुरेसे नाही, ते ठरलेल्या मुदतीच्या आत हाती पडले पाहिजे. मुदत उलटून गेल्यावर आलेले बरोबर उत्तर चुकीच्या उत्तराच्याच रकान्यात जाते. ती मुदत किती लहान असावी याविषयी व्याख्या काहीच सांगत नाही. ती एका मायक्रोसेकंदाची असू शकते, दहा मिनिटांचीही असू शकते. म्हणजे मूळ अर्थ 'लवकर' असा नसून 'वेळेवर' असा आहे. या लेखापुरता मी त्यासाठी 'वेळबद्ध' हा शब्द वापरणार आहे.

माझा आक्षेप एका वाक्यात सांगायचा तर असा: चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या समांतर हार्डवेअरविषयीचे जे शोधनिबंध, प्रकल्प-अहवाल आणि तांत्रिक लेख मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे, त्यांतले बहुतेक वेगाचे मोजमाप देतात आणि त्यावर 'वेळबद्ध' हे लेबल लावतात. सेकंदाला इतकी चित्रे, अमक्या चिपपेक्षा इतके पट जलद, एवढे सांगितले की लेखकाचे समाधान होते. सर्वांत वाईट प्रसंगी किती वेळ लागेल, हे मात्र त्यात शोधून सापडत नाही. हा आक्षेप पांडित्याचा नाही. ही यंत्रे आता रस्त्यावर, आकाशात आणि परग्रहावर स्वतः निर्णय घेऊ लागली आहेत आणि तिथे सरासरीने कोणी वाचत नाही.

पिक्सेलचा जमाखर्च

आधी समांतर रचनेची गरज का पडते ते पाहू. फुल एचडी चित्रात १९२० स्तंभ आणि १०८० ओळी असतात, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. सेकंदाला ६० चित्रे धरली तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख पिक्सेल यंत्राच्या दारात येऊन उभे राहतात. एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ८ नॅनोसेकंद येतात. आता चित्रातील कडा शोधण्याचे अगदी प्राथमिक काम घ्या. प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या ३ × ३ चौकटीतील ९ किमतींना ९ गुणकांनी गुणायचे आणि बेरीज करायची. एवढ्यासाठी सेकंदाला सुमारे ११२ कोटी गुणाकार लागतात. आणि ही फक्त पहिली पायरी झाली. वस्तू ओळखणे, तिचा माग ठेवणे, निर्णय घेणे हे सारे त्यानंतरचे.

टेबलावरच्या संगणकाला हे ओझे पेलते, पण ड्रोनच्या पोटात, गाडीच्या आरशामागे किंवा धान्य निवडणाऱ्या यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकाला वीज, उष्णता, वजन आणि किंमत या चारही बाजूंनी बांधलेले असते. एकाच कामासाठी यंत्राच्या आत कायमचा बसवलेला असा संगणक म्हणजे 'एम्बेडेड' संगणक. त्याचा घड्याळी वेग हवा तसा वाढवता येत नाही. मग एकाच वेळी अनेक हातांनी काम करणे हा एकच मार्ग उरतो.

हे हात दोन प्रकारे लावता येतात. लग्नघरात पोळ्या करायच्या असतील तर चार चुली मांडून चौघांना पूर्ण काम देता येते किंवा एक जण गोळे करतो, दुसरा लाटतो, तिसरा भाजतो अशी साखळी लावता येते. पहिली पद्धत ग्राफिक्स प्रोसेसरची, म्हणजे जीपीयूची. तिथे शेकडो एकके एकच सूचना वेगवेगळ्या पिक्सेलवर चालवतात. दुसरी पद्धत एफपीजीए या चिपवर विशेष खुलते. या चिपमधील तर्कद्वारांची जोडणी चिप विकत घेतल्यानंतरही आपल्याला हवी तशी ठरवता येते. त्यामुळे पिक्सेल ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने त्यांना एकामागून एक टप्प्यांतून वाहत नेणारी नळवाट बांधता येते.

या नळवाटेतील सर्वांत देखणी कल्पना मला 'लाइन बफर'ची वाटते. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने बाहेर देतो. ३ × ३ चौकट भरायला आधीच्या दोन ओळी हाताशी असल्या की पुरे. तिसरी येतच असते. म्हणजे पूर्ण चित्र साठवण्याऐवजी फक्त ३८४० पिक्सेल साठवायचे. मेमरीची गरज ५४० पटीने घटते. शिवाय उत्तरासाठी चित्र संपण्याची वाट पाहावी लागत नाही. चित्र आत येत असतानाच कडांचे चित्र बाहेर पडू लागते, आणि त्या दोहोंत अंतर राहते ते साधारण एका ओळीचे, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने सुमारे १५ मायक्रोसेकंदांचे. चित्रात काय आहे यावर हे अंतर अवलंबून नसते. समोर कोरी भिंत असो वा भरलेली जत्रा, प्रत्येक पिक्सेलला तेवढाच वेळ. 'वेळबद्ध' हे विशेषण मी निःशंकपणे लावीन ते अशा रचनेला.

गाड्यांची संख्या आणि प्रवासाचा वेळ

सेकंदाला किती चित्रे, हा आकडा इतका लोकप्रिय का? तो मोजायला सोपा आणि ऐकायला मोठा वाटतो. पण तो एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. विरारहून चर्चगेटकडे गर्दीच्या वेळी काही मिनिटांच्या अंतराने गाड्या सुटतात. म्हणून विरारला चढलेला माणूस काही मिनिटांत चर्चगेटला उतरत नाही. गाड्यांची संख्या वेगळी, प्रवासाचा वेळ वेगळा. चित्र-प्रक्रियेतही तसेच आहे. यंत्रातून सेकंदाला ३० चित्रे बाहेर पडत असतील, पण प्रत्येक चित्र आत शिरल्यापासून निर्णय होईपर्यंत तीन चित्रांएवढा वेळ रांगेत राहत असेल, तर उशीर १०० मिलिसेकंदांचा होतो. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात २.८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे यंत्र रस्ता पाहते तो जवळजवळ तीन मीटर मागचा.

गंमत अशी की समांतरता वाढवण्याच्या काही युक्त्या गाड्यांची संख्या वाढवतात आणि प्रवास लांबवतात. जीपीयूची शेकडो एकके रिकामी राहू नयेत म्हणून अनेक चित्रांचा गठ्ठा करून तो एकदम देण्याची पद्धत आहे. त्याने सरासरी सुधारते, पण गठ्ठ्यातले पहिले चित्र शेवटच्याची वाट पाहत बसते. निबंधातला आकडा वाढतो आणि यंत्राचे वर्तमानाशी असलेले नाते सैल होते.

दुसरी अडचण मेमरीची. एकाच चिपवर चार गाभे असले तरी बाहेरची मेमरी बहुधा एकच असते. एक काम एकट्याने चालवून मोजले तर लागणारा वेळ एक येतो. शेजारचे तीन गाभे त्याच मेमरीकडे धाव घेऊ लागले की तोच वेळ वाढतो, आणि किती वाढेल हे शेजारी काय करत आहेत त्यावर ठरते. सार्वजनिक नळावर एकट्याने भरलेल्या बादलीचा वेळ हा सकाळच्या गर्दीतला वेळ नसतो. तरीही मी वाचलेल्या अहवालांत मोजमाप बहुधा रिकाम्या नळावरचेच असते.

तिसरी मर्यादा जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्येच सांगितलेली. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही तो शेवटी सगळ्यांना अडवतो. एका चित्राला १०० मिलिसेकंद लागत असतील आणि त्यातले ९० वाटून घेण्यासारखे असतील, तर ९ एककांनी एकूण वेळ २० मिलिसेकंदांवर येतो. पण पुढे हजार एकके लावली तरी तो १० च्या खाली जात नाही. चित्र-प्रक्रियेत पिक्सेलपातळीवरचे काम सहज वाटले जाते. मात्र 'हे ठिपके एकाच वस्तूचे आहेत का', 'मघाची वस्तू हीच का', 'आता काय करायचे' हे प्रश्न क्रमाने सुटतात. जो अहवाल केवळ पहिल्या टप्प्याचा वेग सांगतो आणि पूर्ण यंत्राला 'वेळबद्ध' म्हणतो, तो विरार ते बोरिवलीचा वेळ सांगून चर्चगेटचे तिकीट विकतो.

सरासरीचे वैभव

आता एका गाजलेल्या कामाकडे वळतो. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये चेहरे शोधण्याची पद्धत मांडली. ७०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ३ प्रोसेसरवर ३८४ × २८८ आकाराच्या चित्रांतील चेहरे सेकंदाला १५ चित्रे या गतीने शोधून त्यांनी सगळ्यांना चकित केले. पुढे कॅमेऱ्यांत चेहऱ्याभोवती दिसू लागलेल्या चौकटीमागे या कामाचा मोठा वाटा आहे.

त्यातील दोन कल्पना समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली 'इंटिग्रल इमेज'. प्रत्येक जागी त्या पिक्सेलच्या वरच्या व डावीकडच्या सर्व पिक्सेलची बेरीज आधीच मांडून ठेवायची. मग कोणत्याही आयताची बेरीज केवळ चार किमती वाचून मिळते. दुसरी चाळण्यांची उतरंड. चित्रातील प्रत्येक खिडकीवर आधी एक-दोन सोप्या कसोट्या लावायच्या. नापास झालेली खिडकी तिथेच सोडायची आणि उरलेल्यांना पुढच्या, अधिक कठीण चाळणीतून न्यायचे. ३८ चाळण्यांत मिळून सहा हजारांहून अधिक कसोट्या होत्या, पण त्यांच्या चाचणीत एका खिडकीला सरासरी दहाच्या आसपासच कसोट्या लागल्या. कमी कष्टात अचूक नकार देण्याची ही हातोटी अजूनही शिकण्याजोगी आहे.

पण ही पद्धत समांतर हार्डवेअरवर उतरवू लागलो की तिचे गुणच आडवे येतात. पहिली गोष्ट, दहा ही सरासरी आहे. कोऱ्या भिंतीच्या चित्रात बहुतेक खिडक्या पहिल्याच चाळणीत गळतात. विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीचे चित्र घ्या, तिथे हजारो खिडक्या खोलवरच्या चाळण्यांपर्यंत टिकतात. म्हणजे जिथे पाहण्यासारखे सर्वांत जास्त आहे तिथेच यंत्र सर्वांत मंद होते. सरासरीवर मुदत ठरवली तर ती नेमकी गर्दीत मोडणार.

दुसरी गोष्ट, जीपीयूची एकके गटाने चालतात. एनव्हिडिया कंपनीच्या चिपांत असा गट ३२ जणांचा असतो. त्यांतल्या ३१ खिडक्या लवकर नापास झाल्या तरी उरलेली एक पुढे चालू असेपर्यंत सगळा गट अडकून राहतो. एकट्या प्रोसेसरवर लवकर नकार दिल्याने वेळ वाचत होता, गटात तो वाचलेला वेळ वाट पाहण्यात जातो.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या रुंदीची. मूळ पिक्सेल ८ बिटांचा. ३८४ × २८८ चित्रातील सर्व पिक्सेल कमाल किमतीचे म्हणजे २५५ धरले तर एकूण बेरीज २ कोटी ८२ लाखांपर्यंत जाते. ती मांडायला २५ बिट लागतात. म्हणजे श्रम वाचवण्यासाठी केलेला तक्ता मूळ चित्राच्या तिपटीहून जास्त जागा खातो, आणि एफपीजीएच्या आतली मेमरी हीच तर सर्वांत दुर्मीळ वस्तू.

हा दोष व्हायोला आणि जोन्स यांच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. त्यांनी साध्या प्रोसेसरसाठी पद्धत बांधली आणि सरासरीला सरासरीच म्हटले. माझा रोख आहे तो नंतर 'आम्ही हीच पद्धत समांतर केली, म्हणून ती वेळबद्ध झाली' असे लिहिणाऱ्यांवर. एका हातासाठी उत्तम असलेली युक्ती शंभर हातांसाठीही उत्तम असतेच असे नाही. हार्डवेअरची रचना म्हणजे तयार पद्धतीला शिवलेला अंगरखा नव्हे. हार्डवेअर बदलताना पद्धतीचाही पुन्हा विचार करावा लागतो, आणि प्रसंगी अधिक गणित करणारी पण प्रत्येक खिडकीला सारखाच वेळ घेणारी 'अडाणी' पद्धत निवडणे शहाणपणाचे ठरते.

जेझेरोवरचे दहा सेकंद

हे शहाणपण कसे दिसते याचे उदाहरण मला मंगळावर सापडते. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी नासाचे पर्सिव्हिअरन्स यान जेझेरो विवरात उतरले. जागा वैज्ञानिकदृष्ट्या मोलाची पण कडे, खडक आणि वाळूने भरलेली. पृथ्वीवरून संदेश पोहोचायला अकरा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता, तेव्हा आपण नेमके कुठे आहोत हे यानाने स्वतःच खाली पाहून ठरवायचे होते. त्यासाठीच्या दृष्टियंत्रणेला घातलेली अट मला फार आवडते. सुमारे ४.२ किलोमीटर उंचीवर काम सुरू करायचे, स्वतःच्या जागेविषयीची ३.२ किलोमीटरपर्यंतची चूक गृहीत धरायची आणि १० सेकंदांत ती ४० मीटरांवर आणायची. सेकंदाला किती चित्रे, हा इथे प्रश्नच नव्हता. अट लिहिली होती ती मुदत आणि अचूकता यांच्या भाषेत.

या यंत्रणेच्या संगणकात रॅड ७५० हा किरणोत्साराला तोंड देणारा पण आजच्या मानाने संथ प्रोसेसर होता आणि त्याच्या जोडीला व्हर्टेक्स ५ जातीचा एफपीजीए. कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. चित्र सरळ करणे, त्यातील खुणा नकाशावरील तुकड्यांशी पडताळून पाहणे हे पिक्सेलांचे अवजड पण ठरावीक आकाराचे काम एफपीजीएकडे. त्यातून आलेल्या मोजक्या जुळण्यांपैकी खोट्या कोणत्या हे ठरवणे आणि जागेचा अंदाज सुधारत नेणे हे क्रमाने करायचे काम प्रोसेसरकडे. सुरुवातीला थोड्या मोठ्या खुणा विस्तीर्ण क्षेत्रात शोधायच्या, अंदाज आल्यावर पुष्कळ लहान खुणा अरुंद क्षेत्रात. किती खुणा तपासायच्या हे आधीच ठरवलेले असल्याने कामाला वरची सीमा होती. अॅम्डाल यांच्या नियमाशी भांडण न करता त्याला घरात जागा देणारी ही रचना आहे.

उतरून झाल्यावर त्याच एफपीजीएला नवी जोडणी देऊन त्याला गाडी चालवताना समोरचा रस्ता पाहण्याच्या कामाला लावले गेले. जुन्या गाड्यांना पाहायला थांबावे लागे, ही चालता चालता विचार करू लागली. इथे वेग वाढलाच, पण तो कामाच्या योग्य वाटणीतून आलेला आहे.

एक हरवलेले चित्र

त्याच मोहिमेतून गेलेल्या इन्जेन्युइटी या १.८ किलो वजनाच्या हेलिकॉप्टरने याच धड्याची दुसरी बाजू दाखवली. त्यात मोबाइल फोनसाठी बनलेला स्नॅपड्रॅगन ८०१ हा चार गाभ्यांचा प्रोसेसर होता. जमिनीकडे रोखलेला कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घ्यायचा. हेलिकॉप्टरची हालचाल मोजणारा जडत्व-संवेदक सेकंदाला ५०० वेळा माप द्यायचा, आणि त्या मापांत साचत जाणारी चूक चित्रांवरून दुरुस्त केली जायची. या दुरुस्तीसाठी प्रत्येक चित्र कोणत्या क्षणी घेतले हे अचूक माहीत असावे लागते.

२२ मे २०२१ रोजी सहाव्या उड्डाणात सुमारे ५४ व्या सेकंदाला चित्रांच्या नळवाटेत एक चित्र हरवले. फक्त एक. पण त्यामुळे नंतरच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसू लागला. यंत्र प्रत्येक चित्र नीट पाहत होते, त्यावरचे गणितही बरोबर करत होते, पण ते 'केव्हाचे' आहे हे त्याला चुकीचे सांगितले जात होते. दिसणारी जमीन आणि अपेक्षित जमीन यांत सतत फरक दिसू लागला. तो दुरुस्त करण्याच्या प्रयत्नात हेलिकॉप्टर पुढे-मागे झुलू लागले, २० अंशांहून जास्त कलू लागले. तरी ते ठरल्या जागेपासून सुमारे ५ मीटरांच्या आत सुखरूप उतरले. त्यामागे दोन कारणे होती. नियंत्रण रचनेत अशा हेलकाव्यांना पुरेल इतकी ऐसपैस जागा ठेवलेली होती, आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात चित्रांचा आधार घ्यायचाच नाही असे रचनाकारांनी आधीच ठरवले होते.

या घटनेत प्रोसेसर कमी पडला नव्हता, गाभे कमी नव्हते, सेकंदाला ३० चित्रेही येत होती. वेगाच्या कोणत्याही तक्त्यात हे यंत्र उत्तीर्णच ठरले असते. बिघडला होता तो काळाचा हिशेब. समांतर रचनेत हा हिशेब जास्त नाजूक असतो, कारण चित्र एका वाटेने येते, त्याची वेळ दुसऱ्या वाटेने, संवेदकाचे माप तिसऱ्या वाटेने. या वाटा जिथे पुन्हा मिळतात तिथे कोण कोणाचा जोडीदार हे पक्के बांधलेले नसेल तर प्रत्येक वाट स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकूण उत्तर चुकते.

रस्त्यावर

मंगळावर यंत्र तुटले तर यंत्रच तुटते. रस्त्यावर तसे नसते. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत अॅरिझोना राज्यातील टेंपे शहरात उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेला तपास प्रत्येक एम्बेडेड अभियंत्याने वाचावा असा आहे. गाडीच्या यंत्रणेला धडकेच्या ५.६ सेकंद आधी काहीतरी दिसले होते. पण ते 'काहीतरी' कधी वाहन, कधी अन्य वस्तू, कधी सायकल असे वर्गीकरण बदलत राहिले, आणि वर्ग बदलला की त्या वस्तूच्या आधीच्या हालचालीचा इतिहास पुसला जायचा. मार्गात आडवे कोणी येत आहे हे पक्के झाले तेव्हा १.२ सेकंद उरले होते, आणि खोटे इशारे टाळण्यासाठी ठेवलेल्या नियमानुसार यंत्रणेने आणखी एक सेकंद कृती रोखून धरली.

इथे कॅमेऱ्यापेक्षा रडार आणि लेझरची दृष्टी अधिक कामी होती, आणि दोष एका चिपचा नव्हता. तरीही मी हे उदाहरण घेतो, कारण 'वेळेवर' हा शब्द कुठपासून कुठपर्यंत मोजायचा ते यावरून कळते. एकेक माप वेळेत तपासले जात होते. पण मुदत मापाची नसते. ती वस्तू दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतच्या संपूर्ण साखळीची असते. पिक्सेलचे आठ नॅनोसेकंद वाचवणाऱ्या रचनाकाराने साखळीच्या टोकाला मुद्दाम ठेवलेला एक सेकंद पाहिलाच नाही, तर त्याच्या काटकसरीला काय अर्थ?

प्रतिवाद आणि मागणी

माझ्या म्हणण्यावर दोन रास्त आक्षेप येतील. पहिला: सर्वांत वाईट प्रसंग धरून रचना केली तर हार्डवेअर बहुतेक वेळ रिकामे राहील, महाग पडेल, वीज खाईल. खरे आहे. मोबाइलमध्ये चेहऱ्यावर चष्मा चढवणाऱ्या खेळात एखादे चित्र गळले तर काही बिघडत नाही, तिथे सरासरी पुरते. माझे म्हणणे एवढेच की तिथे 'वेगवान' म्हणावे, 'वेळबद्ध' म्हणू नये. दुसरा: आजच्या न्यूरल नेटवर्कमध्ये बहुधा प्रत्येक चित्राला सारखेच गणित लागते, मग प्रश्न मिटला नाही का? अर्धा मिटला. गणित सारखे असले तरी मेमरीसाठीची रांग तशीच राहते. शिवाय नेटवर्कने सुचवलेल्या शेकडो चौकटींतून खऱ्या निवडण्याचे शेवटचे काम पुन्हा गर्दीवर अवलंबून असते.

वाईट प्रसंगासाठी जागा ठेवणे म्हणजे उधळपट्टी, असे मानणाऱ्यांनी आपल्याच चंद्रयानाकडे पाहावे. २०१९ मध्ये विक्रम उतरताना इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त भरला, चुका साचत गेल्या, आणि उतरण्यासाठी ठरवलेली जागा ५०० × ५०० मीटर एवढीच होती. चंद्रयान-३ साठी इस्रोने ती ४ × २.४ किलोमीटर केली, धोके टाळणारा कॅमेरा आणि इतर संवेदक अधिक सक्षम केले, काय काय बिघडू शकते याची यादी आधी मांडली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी त्याचे फळ दिसले. यश कसे मिळेल यापेक्षा अपयश कसे येईल यावर रचना उभारणे, ही वृत्ती आपल्याकडे आहे. ती उपग्रहापुरती राहू नये.

म्हणून परीक्षक, मार्गदर्शक आणि संपादक यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. समांतर चित्र-प्रक्रियेच्या कोणत्याही अहवालात सरासरीशेजारी सर्वांत मोठा वेळही छापलेला असावा, आणि तो कोणत्या चित्रावर आला ते चित्रही दाखवावे. मोजमाप एकट्या कामाचे न करता शेजारी सगळी कामे चालू असताना करावे. सेन्सरपासून कृतीपर्यंतचा उशीर एकत्र सांगावा. एखादे चित्र मुद्दाम गाळून यंत्र काय करते ते पाहावे. आणि मुदत चुकली तर यंत्र कोणत्या सुरक्षित अवस्थेत जाते, हे एका परिच्छेदात तरी लिहावे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी महागडी चिप लागत नाही. उद्या अशाच एखाद्या विद्यार्थ्याने बांधलेले यंत्र आपल्या रस्त्यावर आपल्याकडे पाहत असेल. ते किती वेगाने पाहते, यापेक्षा त्याने वेळेवर पाहिले की नाही, हे आपल्या जिवाशी संबंधित असेल.